नेम आणि गिऱ्हाईक

स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर लिहून त्यावर उपजीविका करावी अशी इच्छा धरणाऱ्या, परंतु ती इच्छा केवळ हौस आहे की तिच्यामागे काही निष्ठा आहे याविषयी स्वतःच साशंक असणाऱ्या तरुणांमध्ये गेल्या दहाएक वर्षांत एक प्रघात रूढ झाला आहे. अमुक इतके दिवस, एकही दिवस न चुकता, ठराविक वेळ स्वतःच्या कामाला द्यायचा, तसे चारचौघांत आधी जाहीर करायचे, आणि मुदत भरेपर्यंत नेम टिकला तर आपली निष्ठा खरी ठरली असे मानायचे. या प्रघाताचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे २०१६ साली अलेक्झांडर कॅलवे याने सुरू केलेला शंभर दिवसांचा संकल्प. रोज किमान एक तास कोड लिहायचा आणि झालेल्या कामाची वर्दी रोज जाहीरपणे द्यायची, एवढीच त्याची अट होती, आणि जगभरातील असंख्य लोकांनी ती स्वीकारली. दिवसभर ठाण्याच्या किंवा ऐरोलीच्या कचेरीत दुसऱ्याच्या मालकीचे काम करून, कशेळीच्या पुलावरील गर्दीत तासभर खोळंबून, रात्री नऊ वाजता भिवंडीजवळच्या अंजूर गावी घरी पोहोचणारा आणि जेवण झाल्यावर पुन्हा संगणक उघडून बसणारा तरुण याच प्रघाताचा अनुयायी असतो. त्याला या संकल्पाचा उगम ठाऊक असो वा नसो.

या नेमाविषयी मला उपहास करावयाचा नाही. नोकरदाराला नेमाची गरज नसते, कारण त्याच्यावर हुकूम असतो, मुदत असते, हजेरी असते, आणि महिन्याच्या अखेरीस पगाराच्या रूपाने त्या सर्वांचा हिशेब चुकता होतो. स्वतंत्र माणसावर यांपैकी काहीच नसते. त्याने आज काम केले नाही तर उद्या कोणी जाब विचारीत नाही. ज्याला बाहेरचा अंमल नको आहे त्याने आतला अंमल बसविलाच पाहिजे, आणि रोजचा नेम हे त्याचे सर्वांत जुने व सर्वांत सोपे साधन आहे. शिवाय कोड लिहिण्याच्या कामाचा स्वभावच असा आहे की ते मध्येच सोडले असता त्याचा धागा लवकर हरवतो. जेक्वेरी या प्रोग्रामरांच्या साधनाचा निर्माता जॉन रेसिग याने २०१४ साली आपला अनुभव लिहून ठेवला आहे तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. शनिवार-रविवारी सलग बसून स्वतःची कामे उरकण्याचा त्याचा बेत फसत होता, कारण आठवडाभराच्या खंडानंतर आपण कुठे होतो हेच आठवण्यात वेळ जाई. म्हणून त्याने रोज थोडा, पण उपयोगी आणि सर्वांना पाहता येईल असा कोड मध्यरात्रीपूर्वी लिहायचा, असा नियम स्वतःला घालून घेतला. रकान्यांची जुळवाजुळव किंवा नुसती समासांची दुरुस्ती त्याने या नियमात धरली नाही, यावरून आपले मन कुठे चुकारपणा करील हे त्याला पुरते माहीत होते असे दिसते.

नेमाच्या शास्त्रीय बाजूविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण एकवीस दिवसांत सवय लागते अशासारखी विधाने आपल्याकडे सुविचारांच्या फळ्यांवर नेहमी आढळतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांच्या रोजच्या साध्या सवयींचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या व व्यायामाच्या सवयींचा, अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडण्यास लागणारा मधला काळ ६६ दिवसांचा निघाला, परंतु माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा व्यत्यय आला नाही. अखंडतेचा जो बाऊ या संकल्पांत केला जातो त्याला या अभ्यासात आधार सापडत नाही. जो एक दिवस आजारी पडला आणि शृंखला तुटली म्हणून खचून संकल्पच सोडून बसला, त्याला सवयीने दगा दिलेला नसतो. त्याला हिशेबाच्या वहीतील आकड्याचा मोह नडलेला असतो.

या आकड्याच्या मोहाचा एक मोठा आणि अनपेक्षित प्रयोग होऊन गेला आहे. जगातील लक्षावधी प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहबने प्रत्येकाच्या नावासमोर सलग किती दिवस काम झाले याचा आकडा अनेक वर्षे झळकविला, आणि मे २०१६ मध्ये तो एके दिवशी काढून टाकला. पुढे संशोधकांनी आधीच्या व नंतरच्या नोंदींची तुलना करून २०२१ साली जे निष्कर्ष मांडले त्यांचा सारांश असा, की आकडा दिसेनासा होताच दीर्घकाळ चाललेल्या पुष्कळ शृंखला सोडून दिल्या गेल्या, सुटीच्या दिवसांचे काम घटले, आणि दिवसभरात केवळ एकच नोंद करून मोकळे होण्याचे प्रकारही कमी झाले. याचा अर्थ इतकाच की त्या कामापैकी काही भाग कामासाठी होत नव्हता, आकड्यासाठी होत होता. ज्याला आपण निष्ठेचे माप समजत होतो ते स्वतःच निष्ठेचा विषय होऊन बसले होते. आता तर कोड लिहून देणारी यंत्रेच घरोघर आली आहेत, आणि रोज दोनशे ओळी लिहिल्या या पुराव्याला जी काही थोडी किंमत होती तीही ओसरली आहे.

परंतु आकड्याचा मोह हा या परीक्षेचा वरवरचा दोष झाला. सावध माणूस तो टाळू शकतो. माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. ज्याला प्रोग्राम लिहिणे आवडते त्याने शंभर दिवस प्रोग्राम लिहिले यावरून त्याला प्रोग्राम लिहिणे आवडते एवढेच सिद्ध होते, आणि ते तर त्याला आधीपासूनच ठाऊक होते. एखाद्या स्वयंपाक्याने शंभर दिवस आपल्याला आवडणारा पदार्थ करून स्वतःच खावा आणि एकशे एकाव्या दिवशी आपण खाणावळ चालविण्यास लायक आहोत असे जाहीर करावे, तसलाच हा न्याय आहे. स्वतंत्र व्यवसाय हा लेखनाचा व्यवसाय नसून त्यात लेखन हा एक हप्ता असतो. अनोळखी माणसाला आपले काम दाखविणे, त्याने ते बाजूला सारले तर का सारले हे मान खाली घालून ऐकणे, पैसे मागणे, मागितलेले पैसे वसूल करणे, रात्री अकरा वाजता आलेला तक्रारीचा फोन उचलणे, सहा महिन्यांपूर्वी लिहिलेल्या आणि आता कंटाळवाण्या झालेल्या भागातील दोष पुन्हा उकरून काढणे, हे उरलेले हप्ते आहेत. आणि परीक्षा घ्यायचीच असेल तर ती याच हप्त्यांत घेतली पाहिजे, कारण मन पळ काढते ते इथून. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी, त्यानेच उत्तरे लिहावीत आणि त्यानेच ती तपासावीत, अशी आजच्या संकल्पांची रचना आहे. तीत नापास होणारा माणूस विरळा, आणि पास होणाऱ्याला मिळालेले प्रशस्तिपत्र कवडीमोल.

अंजूरच्या माणसाला निष्ठा कशाला म्हणतात हे सांगण्यासाठी फार लांबचे दाखले देण्याचे कारण नाही. वसईच्या मोहिमेच्या इतिहासात गंगाजी नाईक अंजूरकरांचे नाव येते ते कोणी मोठा सरदार म्हणून नव्हे. साष्टी-वसईवर फिरंग्यांचा अंमल होता, त्या अंमलातील प्रजेच्या धर्माचरणावर जुलूम होत होता, आणि या अंमलाचा उच्छेद व्हावा हा एकच ध्यास धरून या गृहस्थाने व त्याच्या भावांनी वर्षानुवर्षे खटपट केली. परंपरा असे सांगते की गंगाजींनी चिंचवडच्या देव घराण्याकडे अनुष्ठान केले. अंजूरच्या नाईकांच्या वाड्यातील सिद्धिविनायकाचा संबंधही त्याच परंपरेशी जोडला जातो. अनुष्ठान म्हणजे रोजचा नेमच, आणि त्याचा अधिकार मी कमी लेखीत नाही. परंतु नुसत्या अनुष्ठानाने ठाणे घेतले गेले नाही. साष्टीच्या बखरीत नाईकांच्या उद्योगाचा जो वृत्तांत आहे तो वाचताना लक्षात राहतो तो त्यांचा चिवटपणा आणि त्या चिवटपणाचे कंटाळवाणे तपशील: दरबारी जाऊन पुन्हा पुन्हा विनंत्या करणे, गाऱ्हाणी पोहोचविणे, प्रदेशाची व वाटांची बातमी काढणे, माणसे जोडणे, एका कारभाऱ्याने कानाडोळा केला तर दुसऱ्याचे दार ठोठावणे. मार्च १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती आले, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांसमोर वसईचा किल्ला शरण आला. खटपटीच्या आरंभापासून या फळापर्यंत मात्र कित्येक वर्षे गेली. त्या वर्षांतील बहुतेक दिवसांचे फलित कोणत्याही वहीत नोंदविण्यासारखे नसणार. पुण्याला जावे, भेट न व्हावी, परत यावे, असे किती दिवस गेले असतील! आजच्या संकल्पाच्या नियमाप्रमाणे ते सारे दिवस कोरेच धरावे लागतील.

तेव्हा अंजूरच्याच एखाद्या तरुणाने आज स्वतंत्र सॉफ्टवेअरचा विचार करावयाचे ठरविले, तर त्याच्या निष्ठेची परीक्षा कुठे होईल ते पाहू. त्याच्या दाराशीच एक विशाल प्रपंच उभा आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही जी भातखाचरांची गावे होती तिथे आज मैलोन्मैल गोदामे आहेत, आणि मुंबई महानगराच्या घराघरांत जाणारा पुष्कळसा माल, कापडापासून औषधांपर्यंत आणि चपलांपासून शीतकपाटांपर्यंत, या गोदामांत एकदा तरी उतरतो. ज्या परदेशी किंवा बड्या कंपन्यांची गोदामे आहेत त्यांच्याकडे त्यांची यंत्रणा आहे. परंतु मध्यम व लहान गोदामांची संख्या मोठी आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी फाटकापाशी टेबलावर अजून एक जाड, कापडी पुठ्ठ्याची वही असते. तारीख, गाडी नंबर, बिल्टी नंबर, पाठविणारा, नग, आणि सर्वांत शेवटी शेरा, असे तिचे रकाने असतात. आपल्या तरुणाला ही वही पाहून वाटते की हे काम फोनवर किती सुरेख होईल. आणि हे वाटणे चुकीचे नाही.

मग तो खोलीत बसून साठ रात्रींत एक देखणा प्रोग्राम तयार करतो. त्यात आवक-जावकीचे आलेख असतात, रंग असतात, महिन्याचा गोषवारा असतो. आणि त्यात तारखेचा एक रकाना असतो. आता संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याने गोदामाच्या फाटकापाशी दोन तास उभे राहावे. ट्रक येतो, त्यात तिघा व्यापाऱ्यांचा माल असतो, पण ड्रायव्हरच्या हाती कागद दोघांचेच असतात. माथाडी कामगार निम्मा माल उतरवितात आणि त्यांची वेळ संपते; उरलेला माल गाडीतच राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतो. मग या मालाची आवक कोणत्या तारखेची? गोदामभाडे कोणत्या दिवसापासून लावायचे? वहीत सुपरवायझर शेऱ्याच्या रकान्यात ‘४० नग आज, बाकी उद्या’ असे पाच शब्द तिरके लिहितो आणि प्रश्न निकालात काढतो. तरुणाच्या प्रोग्रामला हे पाच शब्द मावायला जागाच नाही. एवढ्यात कोणी माल न्यायला येतो. त्याच्याकडे चलन नसते, पण शेठचा फोन येतो की माल देऊन टाक, कागद मागाहून पाठवितो. सुपरवायझर शेऱ्यात ‘शेठ फोन’ असे लिहून माल सोडतो. प्रोग्राम मात्र चलन नंबर भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, कारण खोलीत बसलेल्या माणसाला तो नियम अगदी निर्विवाद वाटला होता. सुपरवायझरच्या एका हातात कागदांची चळत, दुसऱ्या हातात काच तडकलेला फोन. त्याच्याकडे चार पडदे उलटण्याइतका वेळही नाही आणि बोटेही मोकळी नाहीत.

वहीचा शेवटचा रकाना म्हणजे सारा धंदा आहे, हे या दोन तासांत कळते. आणि ते कळल्यावर परत जाऊन साठ रात्रींच्या श्रमांतील निम्म्या भागावर पाणी सोडणे, आलेख काढून टाकणे, तारखेच्या रकान्याची मुळापासून फेररचना करणे, आणि पुन्हा त्याच सुपरवायझरसमोर जाऊन उभे राहणे, ही माझ्या मते त्या दिवसाची खरी परीक्षा होय. जो या परीक्षेला बसतो त्याचा त्या रात्री कदाचित एक ओळही कोड लिहून होणार नाही. त्याने आपल्या संकल्पाच्या वहीत तो दिवस पूर्ण भरला असे लिहावे. उलट, फाटकावर जाण्याचे टाळून ज्याने त्या रात्री आलेखाचा रंग बदलला, त्याने कितीही तास काम केले असले तरी तो दिवस कोरा सोडावा. रोजचा नेम हवाच. फक्त त्यातील एक गोष्ट अशी हवी की जिच्या दुसऱ्या टोकाला कोणी परका माणूस असेल. ज्याने प्रोग्राम वापरणे बंद केले त्याला फोन करणे, महिन्याचे पाचशे रुपये मागणे, मागच्या आठवड्यातील नोंदी जतन केलेल्या प्रतीवरून खरोखर परत मिळवून पाहणे: असल्या कामांनी भरलेला महिना शंभर रात्रींच्या एकांत लेखनापेक्षा माणसाला स्वतःविषयी पुष्कळ अधिक सांगतो.

पैसे मागण्याच्या बाबतीत आपल्या मराठी मध्यमवर्गाची एक जुनी अडचण आहे. विद्या विकू नये, हा संस्कार पगाराच्या रूपाने विद्या विकताना आड येत नाही. पण स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या कामाची किंमत सांगायची वेळ आली की तो अचानक जागा होतो. या संकोचाला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी दिलेले उत्तर आपण विसरलो आहोत. ज्ञानकोशासारखे काम सरकारी आश्रयाची वाट न पाहता करावयाचे म्हणून त्यांनी मर्यादित कंपनी स्थापिली, तिचे भाग विकले, गावोगाव माणसे धाडून वर्गणीदार मिळविले, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्या कोशाचे खंड वाचकांच्या हाती पडत गेले. ते एकूण २३ झाले. लेख लिहिण्याइतकेच वर्गणीदार मिळविणे हेही ज्ञानकोशाचे काम आहे असे मानल्याशिवाय हे घडते ना. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपण बोलतो, या दुसऱ्या उद्योगाविषयी सहसा बोलत नाही, आणि या मौनात आपल्या समाजाची आवडनिवड उघडी पडते.

सॉफ्टवेअरच्याच क्षेत्रातला मराठी दाखला पाहिजे असेल तर काटकर बंधूंचा आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर रेडिओ-कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीत शिरले आणि १९९० च्या सुमारास त्यांनी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे त्याच दुकानात संगणक दुरुस्तीला येऊ लागले. येणाऱ्या संगणकांपैकी अनेकांत व्हायरस असत. धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा म्हणून लहान लहान प्रोग्राम लिहिले, आणि त्या उताऱ्यांतून १९९५ च्या सुमारास क्विक हील हे उत्पादन आकाराला आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बनविणाऱ्या कंपनीचे समभाग बाजारात नोंदले गेले, ही यशाची बाजू सर्वांना माहीत आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो दुकानाचा ओटा. गिऱ्हाईक बिघडलेले यंत्र घेऊन समोर उभे आहे, त्याला ते संध्याकाळपर्यंत चालू करून हवे आहे, आणि उद्या नवा व्हायरस आला की ते पुन्हा येणार आहे: अशा स्थितीत रोजच्या कामाचा संकल्प वेगळा सोडावा लागत नाही, कामच तो सोडवून घेते. एक भाऊ लिहिणारा आणि दुसरा विकणारा असल्यामुळे मी ज्यांना उरलेले हप्ते म्हटले ते तिथे कोणी चुकवू शकत नव्हते. एकट्याने उभ्या राहू पाहणाऱ्या माणसाला या दोन्ही भूमिका एकाच अंगात वागवाव्या लागतात, आणि त्याचा कल कोणत्या भूमिकेत दडी मारण्याकडे असतो हे सांगावयास नकोच.

यावर एक आक्षेप असा येईल की मी स्वातंत्र्याचे वाणीपण करून टाकले. प्रत्येक स्वतंत्र प्रोग्राम विकण्यासाठीच लिहिला जात नाही. हा आक्षेप रास्त आहे. मराठीत संगणकावर टंकलेखन करणे जेव्हा जिकिरीचे होते, तेव्हा ओंकार जोशी यांनी ‘गमभन’ तयार करून लोकांना विनामूल्य दिले, आणि पुष्कळ मराठी माणसे पहिल्यांदा आपल्या लिपीत लिहू लागली ती अशाच साधनांमुळे. परंतु दाम घेतला नाही म्हणून गिऱ्हाईक नाहीसे होत नाही. उलट विनामूल्य दिलेल्या वस्तूविषयीचा तगादा अनेकदा अधिक कडक असतो, कारण तो पैशाने मिटविता येत नाही. डोनाल्ड नुथ यांनी टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली जगाला फुकट दिली, आणि तिच्यातील चूक दाखविणाराला वर स्वतःच्या खिशातून बक्षिसाचा धनादेश देण्याची रीत ठेवली. १९७८ पासून त्या प्रणालीतील चुकांची त्यांनी जी नोंदवही ठेवली ती मला कोणत्याही शंभर दिवसांच्या शृंखलेपेक्षा वाचनीय वाटते: आपण रोज किती लिहिले याचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आढळतात, आपले काय चुकले आणि ते कोणी दाखविले याचा हिशेब दशकानुदशके ठेवणारे फार थोडे. एसक्यूलाइट ही डेटा साठविण्याची प्रणाली आज बहुतेक प्रत्येक फोनमध्ये आहे. तिचे कर्ते रिचर्ड हिप यांनी तिची देखभाल २०५० पर्यंत करण्याचा इरादा जाहीर केलेला आहे. तीही विनामूल्यच आहे. निष्ठेचा विषय दाम नव्हे, हे मी आनंदाने कबूल करतो. तिचा विषय दुसऱ्याने आपल्यावर टाकलेला भरवसा हा आहे, आणि दाम हा त्या भरवशाचा सर्वांत सोयीचा, म्हणून सर्वत्र चालणारा दाखला आहे.

दुसरी एक गोष्ट या संकल्पांच्या प्रशंसेत नेहमी गाळली जाते, ती म्हणजे रोजचा तो एक तास कोणाच्या घरात सापडतो. रात्री नऊनंतर ज्याच्यासमोर ताट वाढून येते आणि ज्याचे मूल दुसरे कोणी झोपविते, त्याचा नेम टिकणे आणि ज्या बाईला ताट वाढून, भांडी आवरून, सकाळच्या पाण्याची वेळ सांभाळून मग संगणकाशी बसावे लागते तिचा नेम टिकणे, यांची तुलना दिवसांच्या आकड्यांनी करणे हा सरळ अन्याय आहे. तिच्या वहीतले तीन सलग दिवस त्याच्या तीसांच्या तोडीचे असू शकतात. जी परीक्षा मोकळा वेळ मोजते आणि त्याला निष्ठा असे नाव देते, तिचा निकाल बहुतेक वेळा घरातील श्रमविभागणीचाच निकाल असतो.

आता राहिला नापास होण्याचा प्रश्न. आपल्याकडे व्रत अर्धवट सोडणे हा दोष मानला जातो, आणि ती भावना नकळत या नव्या संकल्पांनाही चिकटली आहे. त्यामुळे ज्याला विसाव्या दिवशीच कळून चुकते की आपल्याला फाटकावर उभे राहणे, वसुली करणे, तक्रारी ऐकणे मनापासून नकोसे आहे, तो माणूसही लाजेखातर शंभर दिवस रेटतो आणि मिळालेले ज्ञान वाया घालवितो. वास्तविक परीक्षेचा हा निकाल पास होण्याइतकाच मोलाचा आहे. चांगला प्रोग्रामर असणे आणि चांगल्या कचेरीत राहून चांगले काम करणे यांत कमीपणा काहीच नाही. स्वतंत्र व्यवसाय हा काही प्रोग्रामरच्या आयुष्यातील मोक्ष नव्हे. म्हणून मुदत आधी ठरवावी, ती आटोपशीर ठेवावी, आणि मुदतीअखेर काय पाहून काय ठरवायचे तेही आरंभीच कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे मागाहून मन त्यात फेरफार करू शकत नाही.

त्या कागदावर काय लिहावे याविषयी मतभेद होतील. माझ्या मते गोदामाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्यावर किती ओळी, किती रात्री, किती जणांनी वाहवा केली, यांपैकी काहीही लिहू नये. किती गोदामांच्या फाटकावर जुनी वही मिटून कपाटात गेली, त्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या महिन्याचे पैसे न मागता दिले, आणि एखादा दिवस प्रोग्राम बंद पडला तेव्हा रागावून फोन करणारा कोणी निघाला की नाही, एवढे तीन प्रश्न पुरेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे असेल तर पहिल्या दोन उत्तरांवर फार विसंबू नये. कोणी सौजन्याने पैसे दिले असतील, कोणी ओळखीखातर वही मिटली असेल. आणि नोकरीचा राजीनामा केव्हा द्यावा, असे जो तरुण विचारतो त्याला मी इतकेच सांगेन की चार-सहा अनोळखी गोदामांतून असे संतापलेले फोन यायला लागल्यावर, आणि ते उचलताना आपल्याला कामावर जायला उशीर होतो आहे ही एकच चिंता उरल्यावर, त्याने तो विचार करावा. तोपर्यंत कशेळीच्या पुलावरची सकाळची गर्दी सोसावी.